चंद्राचं न्हाण

तासगावच्या पूर्वेला आमच्या कोरडवाहू गावांत पोरीचं वय कुणी वर्षांनी मोजत नसे. न्हाण आलं की पोरगी शहाणी, तोवर अजाण. मग ती बारा वर्षांची असो की सोळा. लग्न केव्हाच उरकलेलं असायचं. पोरींची लग्नं लवकर लावू नका म्हणून सरकारनं कायदा केला होता म्हणे, पण सरकार साताऱ्यात आणि मांडव आमच्या दारात. आठव्या-नवव्या वर्षी अक्षता पडायच्या, आणि मग नवरी माहेरीच शेण गोळा करत, लगोरी खेळत राहायची. न्हाण आलं की सासरी साखर धाडायची, मखर बांधायचं, आणि ओटी भरून तिची पाठवणी करायची. सगळं गाडं त्या एका गोष्टीवर अडलेलं, आणि ती गोष्ट कुणाच्या हातातली नाही, एवढं साधं मात्र कुणाला सुचत नव्हतं.

बनुबाईच्या चंद्राला न्हाण येत नव्हतं.

तिच्याबरोबरच्या पोरी बाराव्या, तेराव्या वर्षापासून एकेक करून गेल्या. उशिराची म्हणून गाजलेली कुंभाराची पोर पंधराव्यात गेली. चंद्राला सोळावं सरलं, सतरावं सरलं. पोरगी उंच झाली, पण अंगावर मूठभर मांस नाही. नुसती हाडं आणि डोळे. पहिली दोन वर्षं पाणवठ्यावरच्या बायकांनी थट्टा केली. "बने, पोरीला लोणच्यात घालून ठिवलीस का काय?" मग कीव केली. मग ती आली की विषय बदलायला लागल्या, आणि बनुबाईला हे थट्टेपेक्षा जास्त झोंबलं.

बनुबाईनं करायचं काही सोडलं नाही. गाजराचं बी उकळून पाजलं, तिळाचा काढा गूळ घालून पाजला, डोंगरावरच्या देवीला पाच मंगळवार अनवाणी गेली. रोज सकाळी पोरगी उठली की आधी तिच्या अंथरुणाकडं बघायची. चंद्रानं ते बघणं ओळखलं होतं. ती आईच्या आधी उठून वाकळ गुंडाळून ठेवायची, म्हणजे निदान आईचा चेहरा पडलेला बघायला लागू नये.

लढाईची वर्षं होती ती. जोंधळा मिळेना. चंद्राचा बाप केरबा माधवनगरच्या गिरणीत होता, सणासुदीला यायचा. घरात एक शेळी होती, पण तिचं दूध तासगावच्या चहावाल्याकडं जायचं. पोरीच्या वाट्याला भाकरी आणि आमटीचं पाणी. पण खाण्याचा आणि न्हाणाचा काही संबंध असेल हे आमच्याकडं कुणाच्या डोक्यात नव्हतं. न्हाण देव देतो, भाकरी आपण मिळवतो, असा हिशेब.

एक दिवस मेहरुनबी आली. ही बांगडीवाली. डोक्यावर टोपली घेऊन सगळी गावं पालथी घालायची, पार कृष्णाकाठापर्यंत जायची. चंद्राचं सासर तिकडं, उसाच्या पट्ट्यात होतं. नवरा आकाराम फौजेत, आणि घरात सगळा कारभार सासूचा, रंगूबाईचा. मेहरुनबीनं टोपली उतरवली, पाणी प्याली, आणि चंद्रा आत गेल्याची खात्री करून बोलली.

"बनाक्का, वाईट नगं मानूस. तुझी इहीण परवा बांगड्या भरताना बोलली. आकाराम दिवाळीला रजेवर येतोय. तवर पोरगी शानी झाली तर बरं, न्हाईतर कऱ्हाडाकडची एक बघून ठिवलीया म्हणं."

"आन् माझ्या चंद्रीचं?"

"काडीमोड. दुसरं काय?"

काडीमोड झालेल्या बाईचा पाट लागतो, विधवेचाही लागतो. पण जिला न्हाणच नाही म्हणून टाकली, तिला कोण दारात उभी करणार? आई-बाप आहेत तोवर भाकरी, पुढं भावकीच्या गोठ्यात शेण काढत मरायचं. बनुबाईनं आपल्या मावशीला असं मरताना बघितलं होतं. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून धुराच्या नावाखाली पोटभर रडली.

शेवटचा उपाय म्हणून तिनं सांगली गाठली. पोरीचे डोळे दुखतात असं केरबाला सांगितलं, कारण असल्या गोष्टी बापाला सांगायच्या नसतात. सांगलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चंद्राला तपासलं, पापण्या ओढून बघितल्या, रोज काय खाते ते विचारलं.

"बहुतेक मुलींना बाराव्या ते पंधराव्या वर्षात येतं," त्या म्हणाल्या. "हिला अठरावं म्हणजे उशीर झाला, खरं आहे. पण मला हिच्यात दोष दिसत नाही. अंगात रक्तच नाही हिच्या, तर बाहेर कुठून येणार? दूध द्या, शेंगदाणे द्या, गूळ द्या, आणि थांबा. येईल."

"कवा येईल?"

"ते मला नाही सांगता येणार. थांबा."

थांबा! बनुबाईला त्या भल्या बाईचा असा राग आला की पायऱ्या उतरताना तिनं कडाकडा बोटं मोडली. दिवाळी थांबणार होती का? रंगूबाई थांबणार होती? घर आलं तेव्हा तिचं ठरलं होतं.

आषाढ लागला होता. दुपारी आळीतली माणसं भांगलायला गेलेली. बनुबाईनं चंद्राला आत बोलावलं आणि कडी लावायला सांगितली. तिच्या एका हातात विळा होता आणि दुसऱ्या हातात तांबडी कोंबडी.

चंद्राला आधी कळेना. कळलं तेव्हा ती भिंतीला टेकली.

"आये, ही चोरी हाय."

"चोरी न्हाई, उसनं हाय. डाक्टरीण म्हणाली न्हवं, येणार हाय म्हणून? आपण जरा आदी घेतलं, यवडंच."

"आन् न्हाईच आलं तर?"

बनुबाईनं विळा पायाखाली धरला. कोंबडी कापली, लुगड्याला डाग लावला, आणि ते लुगडं घेऊन मुद्दाम बायकांची वर्दळ असते त्या वेळी ओढ्यावर धुवायला गेली. कुणी विचारायची वाट बघत ती डाग चोळत बसली. तिसऱ्या बाईनं विचारलं. "बने, कावळा शिवला वाटतं पोरीला?" बनुबाईनं नुसती मान डोलावली आणि पदर डोळ्याला लावला. बायकांना वाटलं, हरखली बिचारी. कोंबडीचा रस्सा तिनं चंद्रालाच पाजला.

मग काय, साखर गेली, सासरची बैलगाडी आली. केरबा गिरणीतून धावत आला आणि त्यानं आपल्या हातानं केळीचे खुंट रोवून मखर बांधलं. मखरात हिरवं लुगडं नेसून चंद्रा बसली, बायकांनी गाणी म्हटली. मेहरुनबीनं हिरवा चुडा भरला आणि पुटपुटली, "हात भरला न्हाई अजून पोरीचा." तेवढ्यात रंगूबाई पुढं आली. बाई तोंडानं तिखट, पण आतून नारळ. तिनं सुनेची हनुवटी धरली आणि तिचेच डोळे भरून आले.

"लय वाईट बोलले गं मी तुला. जीभ झडली माझी. चल आता तुझ्या घरला."

चंद्रा त्या वेळी खाली बघत होती. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

निघायच्या आधी बनुबाईनं तिला माजघरात ओढलं. "अमावस्या ध्यानात ठिव. अमावस्या आली की बाजूला बसायचं. पोटात दुखतंय म्हणायचं. चुकायचं न्हाई. खरं येईपतूर असंच." चंद्रानं मान हलवली.

सासर म्हणजे भरलेलं घर. दारात म्हशी, मागं ऊस, ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा. रंगूबाईनं सुनेला समोर बसवून खाऊ घालायचा सपाटाच लावला. "खा गं काडीपैलवान! माझा ल्योक यील तवा म्हणंल, सासूनं उपाशी मारली." चंद्रा खाली मान घालून खायची. सासू छळेल अशी तयारी करून आलेली पोर, तिला ही माया सोसवेना. छळणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं. अमावस्या आली की ती गोठ्याच्या बाजूला घोंगडं टाकून बसायची, कोरडीच. रंगूबाई तिला लांबून ताट सरकवायची, पोटाला शेकायला विटा तापवून द्यायची. त्या विटा पोटाशी धरून चंद्रा रडायची. सासू म्हणायची, "लय दुखतंय व्हय गं?"

दिवाळीला आकाराम आला. रजा संपली तसा परत लढाईवर गेला. तो गेला आणि गुऱ्हाळ सुरू झालं.

घोळ झाला तो गुऱ्हाळात. रंगूबाई गुऱ्हाळावर जेवण घेऊन गेली होती. उकळत्या रसाची काहील उतरवताना एका गड्याचा तोल गेला आणि कढता रस रंगूबाईच्या पायावर आला. घोट्यापासून कातडं सोलून निघालं. तिला उचलून घरात आणून टाकली आणि सगळा भार चंद्रावर पडला. गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी, म्हशी, सासूच्या पायाला लेप. त्यातच अमावस्या आली. बाजूला बसली तर चूल कोण पेटवणार? माणसं उपाशी राहणार, सासूला पाणी देणारं कुणी नाही. चंद्रानं विचार केला, खोटंच तर बसायचं आहे, एक खेप नाही बसलं तर काय होतंय? ती भाकरी थापत राहिली.

अंथरुणावर पडलेल्या बाईला दुसरा उद्योग काय? रंगूबाई आढ्याकडं बघत हिशेब करत होती. अमावस्या गेली. प्रतिपदा, द्वितीया गेली. सून चुलीपुढंच. अमावस्या न चुकवणारी सून. एका सकाळी तिनं चंद्राला जवळ बोलावलं आणि जळका पाय विसरून तिला मिठीच मारली.

"बोलायचं न्हाईस व्हय गं मला? मी काय दिष्ट लावणार हाय?"

चंद्राला कळलं आणि तिनं मिठी सोडवली. "न्हाई आत्याबाई, तसं न्हाई. मी बसणारच हाय. बसते आजपासनं."

"गप! कशाला अभद्र बोलतीस?" रंगूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळपर्यंत आळीत झालं. आठवड्यात आकारामला फौजेत कळवूनही झालं. पुढची अमावस्या आली तेव्हा चंद्रा घोंगडं घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि तशीच माघारी आली. आता बसणं म्हणजे रंगूबाईच्या नातवाला मारणं होतं, नसलेल्या नातवाला. ते तिच्यानं होईना. मेहरुनबी बांगड्या घेऊन आली तेव्हा चंद्रानं तिचा हात धरला. "मावशी, आईला म्हणावं, आसशील तशी निघून ये."

बनुबाई आली. पहिले चार घास विहिणीच्या आग्रहाचे खाल्ले आणि मायलेकी धुणं घेऊन विहिरीवर गेल्या. चंद्रानं सगळं सांगितलं. बनुबाईला क्षणभर आशा वाटली.

"खरंच आसंल तर? न्हाणाआदी बी दिवस जात्यात म्हणं येकादीला."

"न्हाई आये. मला ठावं हाय, न्हाई. आता काय करू? पोट वाढंना की समदं उघडं पडंल."

बनुबाई दगडावर लुगडं आपटत राहिली. मग हळूच म्हणाली, "कोंबड्या हितं बी हायत."

"न्हाई!" चंद्रा एवढ्यानं ओरडली की मोटेवरच्या गड्यानं वळून बघितलं. "पुन्यांदा न्हाई. ती बाई नातवाचा पाळणा करायला सुताराला सांगून बसलीया. माज्यानं न्हाई हुणार. त्यापरीस ह्या हिरीत जाते."

बनुबाईनं पोरीचं मनगट पकडलं आणि घरात शिरेपर्यंत सोडलं नाही. रात्री लेकीच्या पदराची गाठ आपल्या पदराला मारून झोपली. तिला खरंच भीती वाटत होती. सगळं आपण केलं, हे तिला माहीत होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच केलं असतं, हेही माहीत होतं. काडीमोड घेऊन पोर दारात येण्यापेक्षा काहीही बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई गोठ्यात शेण भरत होती. चंद्रा आली. चेहरा पांढराफटक.

"आये, तू केलंस."

"काय केलं?"

"मी न्हाई म्हणले हुते. तरी केलंस. मी झोपेत आसताना माज्या लुगड्याला लावलंस."

बनुबाईला काही उमजेना. तिनं शेणानं भरलेले आपले हात बघितले. अंगणात कोंबड्या टिपत होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

"मी न्हाई गं," ती म्हणाली. "देवाशपथ, मी न्हाई."

"मग हे..." चंद्रा बोलता बोलता थांबली. तिनं पोटावर हात दाबला. "दुखतंय बी, आये. खरंच दुखतंय."

मग बनुबाईला कळलं. सासूचं दूध, लोणी, गूळ, जे डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं ते सगळं या घरात पोरीच्या पोटात गेलं होतं, आणि न्हाण आलं होतं. खरं न्हाण. इतकी वर्षं जिच्यासाठी डोंगर चढली ती गोष्ट अशी सकाळी सकाळी गोठ्यात येऊन उभी होती. बनुबाईच्या पोटातून आनंदाचा असा उमाळा आला की तिनं शेणाच्या हातांनीच लेकीचं तोंड कुरवाळलं. "आलं गं बाई! आलं!" ती म्हणाली. कुणाला तरी हाक मारावी, साखर मागावी, म्हणून ती वळली.

दारात रंगूबाई उभी होती. काठी टेकत, पाय ओढत, सुनेसाठी दुधाचा पेला घेऊन आली होती. तिची नजर चंद्राच्या लुगड्यावर होती.

पेला पडला. रंगूबाईनं असा हंबरडा फोडला की आळी गोळा झाली. सुईण बयाबाई आली, तिनं बघितलं आणि म्हणाली, "लवकरचं हुतं, आपसूक मोकळं झालं. पोरगी सुटली, यवडं बरं म्हणा." रंगूबाई ऐकत नव्हती. ती जमिनीवर बसून आपल्या जळक्या पायावर बुक्क्या मारत होती.

"ह्या पायानं खाल्लं माजं लेकरू! मी पडले आन् पोरीला राबवली. पाण्याच्या घागरी, गुऱ्हाळाच्या भाकरी... मीच मारलं गं त्याला!"

लेप निघून पायातून रक्त यायला लागलं. बायकांनी तिचे हात धरले. चंद्रा हे बघत होती. तिला बघवेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "नगा मारून घिऊ. आयका माजं. आवं, हे काय तसलं न्हाई, हे माजं..."

बनुबाईनं तिचं डोकं ओढून आपल्या छातीशी घट्ट दाबलं, तिला श्वास घेता येईना इतकं घट्ट, आणि रंगूबाईच्या वर आवाज काढून रडायला लागली. पुढचे शब्द तिच्या लुगड्यात गेले. बायका म्हणाल्या, आईचं काळीज ते. आणि तिचं रडणं खोटं नव्हतंच. पोरीच्या न्हाणाला ती गळा काढत होती, याच्यापेक्षा मोठं रडण्यासारखं काय असतं?

चौथ्या दिवशी रंगूबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. लंगडत लंगडत पाणी तापवलं, त्यात लिंबाचा पाला घातला, आणि सुनेला स्वतः न्हाऊ घातलं. गाणी नव्हती, मखर नव्हतं. दोघी एकमेकींकडं न बघता रडत होत्या. "पुन्हा व्हईल गं," रंगूबाई म्हणत होती, "तू रडू नगंस. देव पुन्हा दील." चंद्रा तिच्या पायाच्या फडक्याकडं बघत होती.

बनुबाई निघाली तेव्हा रंगूबाई तिला पोहोचवायला उंबऱ्यापर्यंत आली. चंद्रा मागं उभी होती. रंगूबाईनं काठी भिंतीला टेकवली, आणि काही कळायच्या आत खाली वाकून विहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. मुलाची आई मुलीच्या आईच्या पाया पडली. असं आमच्याकडं कुणी बघितलेलं नाही.

"इहीणबाई, तुमी लेक धडधाकट दिलीसा. मीच न्हाई संभाळली. मला माफ करा."

बनुबाईनं वर बघितलं. चंद्रा तिच्याकडं बघत होती. आता तरी बोल, असं ते डोळे म्हणत होते.

बनुबाईनं रंगूबाईला खांद्याला धरून उठवलं, तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले, आणि तिला माफ केलं.